एक विमानप्रवास आणि वर्षभराची गाडी: प्रवासाचा कार्बन हिशेब कसा मांडावा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: रोज ऑफिसला एकटे गाडीने जाता, वर्षातून एकदा लांबचा विमानप्रवास होतो, घरातले दिवे बदललेत, प्लॅस्टिक कमी केलंय. आता प्रवासात काय बदललं तर खरंच फरक पडेल? इलेक्ट्रिक गाडी घेतली की प्रश्न मिटतो का? आणि एकाच प्रवासाला वेगवेगळे कार्बन कॅल्क्युलेटर वेगवेगळे आकडे का दाखवतात?

फरक पडतो, आणि चांगलाच पडतो. पण कोणतं वाहन चांगलं यापेक्षा वर्षाला एकूण किती किलोमीटर होतात, वाहनात माणसं किती असतात आणि विमानात किती वेळा बसणं होतं, यावर तो जास्त ठरतो. संस्थांचे आणि कुटुंबांचे उत्सर्जनाचे हिशेब मांडण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. त्यात एक गोष्ट सतत दिसते. ज्या फेऱ्यांची लोकांना टोचणी लागते, त्या बेरजेत किरकोळ असतात. ज्या दोन-तीन नोंदींवर सगळी बेरीज उभी असते, त्यांच्याकडे लक्षच गेलेलं नसतं.

सुरुवात एका लिटर पेट्रोलपासून करू, कारण हा आकडा एकदा डोक्यात बसला की पुढचा बराचसा हिशेब कागदावर करता येतो. एक लिटर पेट्रोलचं वजन साधारण ७४० ग्रॅम, आणि त्यातला सुमारे ६४० ग्रॅम निव्वळ कार्बन. इंजिनात जळताना कार्बनचा प्रत्येक अणू हवेतल्या ऑक्सिजनचे दोन अणू पकडतो, त्यामुळे १२ ग्रॅम कार्बनपासून ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे पाऊण किलोही न भरणारं पेट्रोल २.३ किलो वायू होऊन बाहेर पडतं. डिझेलसाठी हाच आकडा लिटरला २.७ किलोच्या आसपास. वजन वाढतं ते हवेतल्या ऑक्सिजनमुळे. "एवढ्याशा इंधनातून एवढा वायू कसा?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, त्याचं उत्तर इतकंच आहे.

आता तुमची गाडी. ती लिटरला १५ किलोमीटर ॲव्हरेज देत असेल तर किलोमीटरमागे साधारण १५० ग्रॅम. ऑफिस १२ किलोमीटरवर असेल आणि वर्षाला २४० दिवस जाणं-येणं होत असेल, तर ५,७६० किलोमीटर आणि जवळपास ८८० किलो कार्बन डायऑक्साइड. शिवाय तेल जमिनीतून काढणं, शुद्ध करणं, पंपापर्यंत आणणं यातही इंधन जळतं. ते धरलं की आणखी २० ते २५ टक्के वाढतात आणि आकडा टनाच्या थोडा वर जातो. जगात माणशी वर्षाला सरासरी पावणेपाच टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्याच्या शेजारी हा एक टन ठेवून बघा. फक्त ऑफिसला जाण्या-येण्यात जवळजवळ पाचवा हिस्सा संपला.

या आकड्याशेजारी आता विमान ठेवू. लंडन ते न्यूयॉर्क हे अंतर ५,५०० किलोमीटरच्या थोडं वर आहे, येऊन-जाऊन ११,००० च्या पुढे. विमानाचं एक किलो इंधन जळलं की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. इकॉनॉमी क्लासमधल्या एका प्रवाशाच्या वाट्याला या परतीच्या प्रवासाचे, विमान किती नवं आणि किती भरलेलं आहे त्यानुसार, साधारण ६०० ते १,००० किलो येतात. आणि हा निव्वळ कार्बन डायऑक्साइड झाला. उंचीवरच्या बाकीच्या परिणामांचा अंदाज धरला (ते कोणते, हे पुढे येतंच) तर एक ते पावणेदोन टन. तुम्ही वर्षभर रोज गाडीने ऑफिसला गेलात त्याच्या बरोबरीचं किंवा त्याहून जास्त काम दोन उड्डाणांत होतं, आणि दोन्ही मिळून एका दिवसाचाही वेळ लागत नाही.

इथेच कॅल्क्युलेटरांच्या घोळाचा उलगडा होतो. या भागाकडे जरा थांबून बघा, कारण एकदा ही गणितं कळली की कुठलाही आकडा तुम्हाला तपासून घेता येईल.

पहिलं कारण उंचीचं. विमानाच्या धुरात पाण्याची वाफ असते, काजळीचे कण असतात, नायट्रोजनची ऑक्साइडं असतात. हवा पुरेशी थंड आणि दमट असली की काजळीच्या कणांभोवती बर्फाचे स्फटिक धरतात आणि विमानामागे पांढरी रेघ उमटते. बऱ्याच रेघा काही मिनिटांत विरतात. काही मात्र पसरत जाऊन पातळ ढगासारख्या तासन् तास टिकतात आणि जमिनीकडून वर जाणारी उष्णता अडवतात. दिवसा त्या थोडं ऊन परतही पाठवतात. रात्री ती भरपाई होत नाही, म्हणून रात्रीच्या रेघा जास्त तापवतात. विमान वाहतुकीचा वाटा जगाच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये सुमारे अडीच टक्के आहे. मानवी कारणांनी झालेल्या एकूण तापवण्याच्या परिणामात मात्र तो साडेतीन टक्क्यांच्या आसपास धरला जातो, कारण हे बाकीचे परिणाम त्यात मिळवलेले असतात. त्यांची अनिश्चितता मोठी आहे, म्हणून काही कॅल्क्युलेटर ते सोडूनच देतात. काही एकूण आकड्याला १.७ किंवा १.९ ने गुणतात. ब्रिटन सरकार दरवर्षी जे उत्सर्जन गुणक (कशातून किती उत्सर्जन होतं याचे ठरावीक दर) प्रसिद्ध करतं, त्यात पूर्वी १.९ होतं, आता १.७ आहे.

मी स्वतः दोन आकडे वेगळे लिहितो: निव्वळ कार्बन डायऑक्साइड एका ओळीत आणि १.७ ने गुणलेला अंदाज दुसऱ्या ओळीत. कार्बन डायऑक्साइडचा बराच भाग शतकानुशतकं हवेत राहतो आणि बर्फाची रेघ काही तासांत जाते. दोन्ही एकाच संख्येत मिसळले की हा फरक दिसेनासा होतो. पण पंचाईत होते म्हणून दुसरी ओळ गाळून टाकणं मला पटत नाही. अनिश्चित म्हणजे शून्य नव्हे.

दुसरं कारण सीटचं. विमानाच्या पोटातली जागा मर्यादित असते. बिझनेस क्लासची एक सीट जितकी जागा खाते तितक्या जागेत इकॉनॉमीचे कितीतरी प्रवासी बसू शकले असते, म्हणून इंधनाची वाटणी जागेनुसार करतात. त्याच ब्रिटिश गुणकांनुसार लांब पल्ल्यावर बिझनेस क्लासचा वाटा इकॉनॉमीच्या २.९ पट येतो आणि फर्स्ट क्लासचा ४ पट. तेच विमान, तोच मार्ग, तेच अंतर. कॅल्क्युलेटरने तुम्हाला क्लास विचारलाच नाही तर तो आकडा फार विश्वासाचा नाही, असं खुशाल समजा.

बाकीची कारणं छोटी आहेत: विमान किती भरलं असं मानलं, पोटात माल होता का, इंधन काढण्या-शुद्ध करण्याचं उत्सर्जन धरलं का, आणि वळसे किती धरले.

"छोटी उड्डाणं सगळ्यात वाईट" असं तुम्ही ऐकलं असेल. किलोमीटरमागे मोजलं तर ते खरं आहे. उड्डाण करून उंची गाठताना इंधन सगळ्यात वेगाने जळतं, आणि अंतर छोटं असलं की तो खर्च थोड्याच किलोमीटरांवर विभागला जातो. पण हवेला किलोमीटरमागचा दर कळत नाही, एकूण टन कळतात. ५०० किलोमीटरच्या उड्डाणापेक्षा ५,००० किलोमीटरचं उड्डाण दर कमी असूनही कितीतरी जास्त उत्सर्जन करतं. म्हणून दोघांना मी दोन वेगळे नियम लावतो. छोट्या उड्डाणाला पर्याय असतो, तिथे रेल्वे किंवा बस घ्यावी. लांबच्या उड्डाणाला बहुतेक वेळा पर्याय नसतो, तिथे संख्या कमी करावी: दोन वर्षांतून एकदा जावं, दोन कामं एका फेरीत उरकावीत, गेल्यावर जास्त दिवस राहावं. फ्रान्सने २०२३ मध्ये रेल्वेने अडीच तासांच्या आत पोचता येतं अशा देशांतर्गत मार्गांवरची विमानं कायद्याने बंद केली. पाऊल चांगलं आहे, पण प्रत्यक्षात त्यात तीनच मार्ग आले. लांब पल्ल्याचा प्रश्न जिथे होता तिथेच राहिला.

"विमान तर जाणारच होतं, मी बसलो नसतो तरी" हा युक्तिवाद मला जवळजवळ प्रत्येक कामात ऐकू येतो. आजच्या एका उड्डाणापुरता तो खरा वाटतो. पण विमान कंपन्या वेळापत्रक ठरवतात ते आधीच्या बुकिंगवर. सीट रिकाम्या राहू लागल्या की फेऱ्या कमी होतात किंवा लहान विमान लागतं, भरू लागल्या की फेरी वाढते. कुठल्या एका माणसाच्या तिकिटावर ती वाढते हे कोणालाच सांगता येत नाही, म्हणून प्रत्येक सीटवर सरासरी वाटा टाकणं हाच न्याय्य हिशेब. बसलाही मी हाच नियम लावतो. डिझेलची मोठी बस लिटरला साडेतीन किलोमीटर देते असं धरा. म्हणजे किलोमीटरमागे ७७० ग्रॅम. बसमध्ये ४० माणसं असतील तर माणशी १९ ग्रॅम, ८ असतील तर ९६ ग्रॅम. आणि तुमच्याच गाडीत चौघं बसले तर माणशी ३८. भरलेली गाडी रिकाम्या बसपेक्षा चांगली असते, हे मान्य करायला संकोच वाटण्याचं कारण नाही.

निर्णय घेताना मात्र मी आणखी एक गोष्ट बघतो: तुमच्यासारख्या अनेकांनी हेच केलं तर काय वाढेल? विमानं वाढली की एकूण इंधन वाढतं. बसचे प्रवासी वाढले की आधी रिकाम्या सीट भरतात, माणशी आकडा खाली येतो, आणि मग फेऱ्या वाढल्या की आणखी लोकांना गाडी घरी ठेवणं परवडतं. हिशेबाचा नियम दोन्हीकडे एक, पण पुढची दिशा उलटी. सकाळच्या अर्ध्या रिकाम्या बसकडे बघून "यापेक्षा माझी गाडी बरी" म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

रेल्वेबद्दल फार बोलायची गरज नाही. लोखंडी रुळावर लोखंडी चाक घरंगळताना घर्षण फारच कमी होतं, आणि एका गाडीत शेकडो माणसं मावतात. त्याच ब्रिटिश गुणकांमध्ये रेल्वेचा आकडा प्रवाशामागे किलोमीटरला ३५ ग्रॅमच्या आसपास आहे, आणि तिथल्या बऱ्याच गाड्या अजून डिझेलवर धावतात. जगभरात प्रवासी वाहतुकीचा सुमारे ८ टक्के भार रेल्वे उचलते, मालाचा सुमारे ७ टक्के, आणि वाहतुकीला लागणाऱ्या एकूण ऊर्जेतली सुमारे २ टक्केच घेते. जिथे रेल्वे आहे तिथे दुसरं काही शोधू नका.

आता इलेक्ट्रिक गाडी. चार्जिंगमधली गळती धरून मध्यम आकाराची गाडी किलोमीटरला ०.१५ ते ०.१८ युनिट वीज घेते. ग्रीडमधली, म्हणजे वीजपुरवठ्याच्या जाळ्यातली, वीज मुख्यतः कोळशाची असेल, म्हणजे युनिटमागे ७०० ग्रॅमच्या आसपास, तर किलोमीटरमागे १०५ ते १२५ ग्रॅम. जलविद्युत किंवा वाऱ्यावर चालणाऱ्या, युनिटला ५० ग्रॅमच्या ग्रीडवर हाच आकडा १० च्या खाली येतो. म्हणजे गाडी तीच, पण वीज कुठली यावर फरक दसपटीहून मोठा. त्यात बॅटरी बनवण्याचं उत्सर्जन मिळवा. ५० युनिट क्षमतेच्या बॅटरीला साधारण ३ ते ५ टन लागतात. गाडी दीड लाख किलोमीटर चालली तर ते किलोमीटरला २० ते ३३ ग्रॅम होतात, पन्नास हजारच चालली तर तिप्पट. पेट्रोलवर वर काढलेले १५० ग्रॅम, इंधनामागचं उत्सर्जन धरून १९० च्या आसपास, या शेजारी ठेवा. कोळशाच्या ग्रीडवरही भरपूर चालणारी इलेक्ट्रिक गाडी पुढे राहते, पण थोड्या अंतराने. आणि ग्रीड सुधारत गेलं की तीच गाडी आपोआप सुधारते. पेट्रोल गाडीच्या नशिबी ते नाही.

म्हणून माझा सल्ला गाडी किती चालते त्यावर आहे. खूप चालत असेल आणि बदलायची वेळ आलीच असेल तर इलेक्ट्रिक घ्या, आणि गरजेपेक्षा मोठी घेऊ नका. मोठ्या गाडीला मोठी बॅटरी लागते आणि वीजही जास्त. गाडी आठवड्यातून दोनदाच बाहेर निघत असेल तर धडधाकट पेट्रोल गाडी मोडीत काढून नवी आणण्यात हवेचा फारसा फायदा नाही. आणि एकट्याने चालवलेली इलेक्ट्रिक गाडीसुद्धा रस्त्यावर तितकीच जागा अडवते आणि तितकीच लांब राहायला जायची मुभा देते.

हा शेवटचा मुद्दा माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा आहे आणि कॅल्क्युलेटरमध्ये तो कधीच दिसत नाही. वाहतुकीचा अभ्यास करणाऱ्यांना फार पूर्वी लक्षात आलंय की माणूस दिवसाला सरासरी एक तास, फार तर थोडा जास्त, प्रवासात घालवतो. इटालियन शास्त्रज्ञ चेझारे मार्केत्ती यांच्या नावाने ही गोष्ट ओळखली जाते. पायी जायचा काळ असो की मोटारीचा, वेळ फारसा बदलत नाही, अंतर बदलतं. वेग वाढला की माणसं वेळ वाचवत नाहीत, लांब राहायला जातात. म्हणून घर कुठे घ्यायचं हा तुमच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रवासाचा निर्णय आहे. तो एकदाच होतो आणि पुढच्या दहा-वीस वर्षांच्या हजारो फेऱ्या ठरवून टाकतो. घर बदलायचा विचार असेल तर भाडं आणि चौरस फुटांबरोबर ऑफिस, शाळा आणि स्टेशनचं अंतरही मांडा. बारा किलोमीटरचे चार झाले की रोजच्या फेऱ्यांमधून निघणारा दोन तृतीयांश वायू गेला, आणि त्यासाठी रोज सकाळी मनाशी झगडावं लागलं नाही.

सेथ वाइन्स आणि किंबर्ली निकोलस या संशोधकांनी २०१७ मध्ये श्रीमंत देशांतल्या माणसाच्या वेगवेगळ्या बदलांची तुलना केली होती. गाडीशिवाय जगणं म्हणजे वर्षाला सुमारे २.४ टनांची बचत, अटलांटिकपारचा एक परतीचा विमानप्रवास टाळणं म्हणजे १.६ टन. दिवे बदलण्यासारख्या गोष्टी यांच्या जवळपासही येत नव्हत्या. तुम्ही दिवे बदललेत ते चांगलंच केलंत, पण आता लक्ष प्रवासाकडे वळवा.

गाडी चालवावीच लागत असेल तेव्हा दोन गोष्टी खरंच कामाच्या आहेत. एक वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ९० वरून १२० वर गेलात की तो ७८ टक्क्यांनी वाढतो, आणि मोकळ्या महामार्गावर इंधनाचा मोठा भाग या विरोधाशी झुंजण्यातच जातो. छतावरचं रिकामं कॅरिअर काढून ठेवण्याचं कारणही हेच. दुसरी गोष्ट थंड इंजिनाची. पहिल्या दोन-तीन किलोमीटरांत इंजिन तापलेलं नसतं, इंधन जास्त पितं आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अजून कामाला लागलेला नसतो. म्हणून कोपऱ्यापर्यंतची गाडीची फेरी अंतराच्या मानाने फार महाग पडते. ती पायी किंवा सायकलने करा. सायकलवाल्याला लागणाऱ्या अन्नाचंही उत्सर्जन असतं असं कोणी म्हणेल. असतं, पण गाडीच्या तुलनेत ते फारच थोडं आहे, त्यात अडकू नका. टायरमध्ये हवा योग्य ठेवा, बाकीच्या छोट्या युक्त्यांनी फार काही बदलत नाही.

ऑफसेटबद्दल, म्हणजे झाडं लावण्यासारख्या प्रकल्पाला पैसे देऊन आपल्या उत्सर्जनाची भरपाई करण्याबद्दल, तुम्ही विचारलं नाही, पण तिकीट काढताना तो पर्याय समोर येईलच. आज हवेत गेलेला टन लगेच तापवायला लागतो. आज लावलेलं रोप तो शोषायला काही दशकं घेतं, आणि मध्ये वणवा लागला किंवा जंगल तोडलं तर सगळं परत हवेत. शिवाय पैसे दिले नसते तरी ते झाड लागलंच असतं का, हे सिद्ध करणं कठीण. चांगल्या प्रकल्पाला पैसे द्यायचे तर जरूर द्या, देणगी म्हणून द्या. फक्त ते उत्सर्जनातून वजा करू नका. संस्थांचे हिशेब ज्या ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉलने मांडले जातात, त्यातही ऑफसेट वेगळेच दाखवावे लागतात. घरच्या हिशेबालाही तीच शिस्त हवी.

"एकट्या माझ्याने काय होणार" याचं उत्तर आकड्यांतच आहे. २०१८ साली जगातल्या जेमतेम ११ टक्के लोकांनी विमानप्रवास केला, आणि प्रवासी विमानांच्या उत्सर्जनापैकी निम्म्याच्या आसपास वाटा लोकसंख्येच्या १ टक्क्याचा होता, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. जगाच्या बेरजेत विमानं अडीच टक्केच दिसतात ती एवढ्यासाठी की बाकीचे लोक उडतच नाहीत. जो वर्षातून एकदा लांब उडतो, त्याच्या स्वतःच्या हिशेबात तो वाटा अडीच टक्के नसतो, पाव किंवा तिसरा हिस्साही असू शकतो. तुमच्या बाबतीत तसंच निघेल असं मला वाटतं.

कामासाठीचा विमानप्रवास कंपनीच्या खात्यात जातो, तुमच्या नाही, असं समजून तो सोडून देऊ नका. दोन्हीकडे लिहिला तरी बिघडत नाही, कारण आपण इथे कर भरत नाही आहोत, निर्णय घेतोय. उलट, ही मीटिंग व्हिडिओवर होईल का, असं विचारायचा अधिकार बऱ्याचदा प्रवास करणाऱ्यालाच असतो, आणि तुमच्या एका प्रश्नाने चार सहकाऱ्यांच्या फेऱ्याही वाचतात.

मोजायला ॲपची गरज नाही. आज ओडोमीटरचा आकडा लिहून ठेवा, वर्षाने पुन्हा लिहा, फरकाला तुमच्या ॲव्हरेजने भागा आणि २.३ ने गुणा. डिझेल असेल तर २.७ ने. विमानाच्या प्रत्येक फेरीची एक ओळ लिहा: अंतर, क्लास, कामाची की स्वतःची, आणि तिच्याऐवजी दुसरं काही शक्य होतं का. वर्षाअखेर त्या ओळींमधली सगळ्यात मोठी ओळ कोणती ते बघा आणि पुढच्या वर्षी फक्त तिच्यावर काम करा.